रंग गेला तर परत आणा

संपादकबाई फोनवर म्हणाल्या, धंद्यातले अनुभव लिहा, पण जन्मापासून सुरुवात करू नका. बरं झालं. जन्मापासून लिहायचं म्हटलं तर पहिली चाळीस वर्षं मी किती बावळट होते याच्यातच तुमचा अंक संपला असता. आता त्यातला निवडक बावळटपणा तेवढा सांगते.

आमची नर्सरी जुईनगरला, विजेच्या उंच मनोऱ्यांखालच्या मोकळ्या पट्ट्यात. तिथं इमारत बांधायला बंदी, म्हणून झाडं. "डोक्यावर हाय टेन्शन, खाली आपण निवांत," असं आमचे मिस्टर प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे आणि प्रत्येक वेळी नव्यानं हसायचे. पहिल्या वर्षी आम्ही नुसतीच 'नर्सरी' अशी पाटी लावली होती. जून उजाडला तशा तीन आया पोरांची बोटं धरून अ‍ॅडमिशनला आल्या. एकीनं विचारलं, जागा आहे का? मी म्हटलं, भरपूर आहे, ऊनही चांगलं येतं, पाणी दिवसाआड घालतो. ती बाई पोराला काखेत मारून जी गेली ती गेलीच.

आता नर्सरी माझी सून मनीषा बघते. मी खुर्चीत बसते, गिऱ्हाइकाशी गप्पा मारते आणि न विचारलेलं सांगते. पण सक्युलंटची मांडणी अजून माझ्याकडेच आहे. सक्युलंट म्हणजे गुबगुबीत पानांची झाडं, पानातच पाणी साठवणारी. आपली कोरफड त्यांच्यातलीच. गुलाबाच्या फुलासारखी पानांची रचना असते ती एचेवेरिया. हे नाव माझ्या जिभेवर कधी बसलं नाही, म्हणून आमच्याकडे तिला गुलाबडी म्हणतात. आता गिऱ्हाईकंही गुलाबडीच मागतात.

लग्नाआधी मी साताऱ्यात एका साडीच्या दुकानात काम करायची. तिथं एकच वाक्य पाठ झालं होतं: "रंग पक्का आहे, गेला तर परत आणा." सुती साडी असली की ओला रुमाल पदरावर घासून दाखवायचा. रुमाल कोरा निघाला की गिऱ्हाईक खूश. ही विद्या घेऊन मी झाडांच्या धंद्यात आले.

पुण्याकडून टेम्पोनं माल आणणारे शितोळेमामा होते. त्यांनी पहिल्यांदा गुलाबड्यांचा ट्रे उतरवला, तेव्हा मला ती प्लॅस्टिकची वाटली. निळसर, करडी, वर पिठूळ झाक. असला रंग झाडाला असतो होय? मी हळूच ओला रुमाल काढला आणि पान घासलं. रुमाल पांढरा झाला, पान हिरवंगार निघालं. मग काय विचारता. भर रस्त्यात मी मामांना झापलं, की मला बाईमाणूस बघून रंगवलेला माल देता? सगळ्या ट्रेमधली पानं एकेक करून पुसली आणि पुरावा मांडला.

मामा शांत माणूस. तंबाखू मळून झाल्यावर म्हणाले, "ताई, ती त्यांची पावडर होती. देवानं लावलेली. उन्हापासून बचाव म्हणून. आता परत नाही यायची त्या पानांना."

चोवीस झाडांचा मेकअप मी पुसला होता. ती झाडं महिनाभर माझ्याकडे तोंड धुतलेल्या नटीसारखी बघत होती. आजही कुणी हौसेनं पान बोटानं चोळायला लागलं की मी त्याचा हात धरते.

एवढ्यानं शहाणी होईन ती मी कसली? त्या हिवाळ्यात लालबुंद गुलाबड्या आल्या, टोकांना कुंकू लावल्यासारख्या. मी प्रत्येकीबरोबर ठणकावून सांगितलं, रंग पक्का, गेला तर परत आणा. जून-जुलैत लोकांनी आणल्या. अर्ध्या जुईनगरातल्या बायका हिरव्या कुंड्या घेऊन उभ्या. एकजण तर म्हणाली, ताई, मी धुतलंसुद्धा नाही हो.

तेव्हा मामांनी मला उलट्या बादलीवर बसवून शिकवलं, ते असं. पानातला हिरवा रंग म्हणजे झाडाची चूल, तिच्यावर त्याचं जेवण शिजतं. ऊन फार झालं, पाणी तुटलं, गारठा पडला, की चूल करपू नये म्हणून झाड पानावर लाल-जांभळ्या रंगाचा पडदा ओढतं. उन्हात खडी फोडणाऱ्या बाया तोंडाला ओढणी गुंडाळतात ना, तसं. सावलीत आणलं, पोटभर पाणी दिलं, वर खत घातलं, की ओढणी कशाला हवी? झाड पडदा काढतं आणि हिरवं होतं. म्हणून जानेवारीत लाल आणि पावसाळ्यात हिरवं. आजारबिजार काही नाही.

म्हणजे आपण ज्याला रूप म्हणतो, तो त्या झाडाचा त्रास असतो. हे कळल्यावर मला थोडं वाईट वाटलं. मग लगेच गिऱ्हाईक आलं.

सगळेच रंगबदल असे निरुपद्रवी नसतात, हेही हळूहळू कळत गेलं. पान पिवळट, काचेसारखं आरपार दिसायला लागलं तर पाणी जास्त झालंय. बुडाशी काळं आणि लिबलिबीत, तर मुळं कुजली, वरचं तेवढं वाचवा. अगदी खालची पानं कागदासारखी वाळली तर ते वय आहे, माझ्यासारखं, काही करू नका.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातले एक व्यापारी होते, मोठे रुबाबदार. त्यांनी ऑफिसच्या टेबलावरची गुलाबडी हवा बदल म्हणून एकदम पत्र्यावर नेऊन ठेवली, एप्रिलमध्ये. आठवड्यानं कुंडी घेऊन आले, चेहरा पडलेला. म्हणाले, "ताई, झाडाला गंज चढला." जन्मभर लोखंडात वावरलेला माणूस, लाल म्हणजे गंज एवढंच ठाऊक. वरून विचारतात, रेड ऑक्साइडचा हात मारू का? मी हसू दाबून बघितलं तर कडांची लाली चांगली होती, पण मधे तपकिरी कडक डाग पडले होते. ती लाली नव्हे, ते भाजणं. लाली येते-जाते, भाजलेला डाग कायमचा. झाडाला उन्हाची सवय लावायची ती आठ-पंधरा दिवसांत, हळूहळू. ते म्हणाले, म्हणजे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी गाडीवर पाठवायचं नाही. म्हटलं, बरोब्बर. तेव्हापासून ते माझे सगळ्यात हुशार विद्यार्थी.

पण सगळ्यांना चूल, पडदा, ओढणी सांगत बसायला वेळ कुठला? रविवारी गर्दी असायची. मग मी एक वाक्य घडवलं. कुणी विचारलं, याला लाल कसं ठेवायचं, की सांगायची: "लेकीसारखं नको, सुनेसारखं वाढवा." म्हणजे लाड नको. ऊन लागू दे, पाणी मोजून, खाण्यापिण्याचं कौतुक नाही. लोक खो-खो हसायचे. सासवा जरा जास्तच हसायच्या. वाक्य इतकं चाललं की बोनकोड्याच्या एका पेंटरकडून मी ते पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरांत रंगवून घेतलं आणि गल्ल्याच्या वर टांगलं. पुढं मुलाचं लग्न झालं आणि मनीषा पहिल्यांदा नर्सरीत आली, तिनं वर बघून पाटी वाचली आणि हसली. हसली, असं मला तरी वाटलं.

आता एक गोष्ट सांगते, जी सांगताना माझी जीभ जड होते. मुकादमचाचा म्हणून एक गिऱ्हाईक होते, मूळ उरणकडचे, आगबोटीवर नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांची बायको गेली आणि तिची गुलाबडी त्यांच्या गळ्यात पडली. दु:खात माणूस झाडाला पाणी घालतच राहतो. झाड बुडापासून काळं पडलं. ते माझ्याकडे ठेवून गेले, म्हणाले, वाचवा. मी चार दिवसांत ओळखलं, हे काही वाचत नाही. तेव्हाच्या मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवा? मी तस्संच, त्याच मापाचं, त्याच रंगाचं झाड त्यांच्या कुंडीत बसवून दिलं. वर म्हटलं, बघा चाचा, कसं टवटवीत झालं.

चाचांनी कुंडी फिरवून फिरवून बघितली. मग हळूच म्हणाले, "बाई, झाड सुंदर हाय. पन हे तिचं नाय. तिच्या झाडाच्या पानावर मांजराचा दात उमटला होता."

रागावले नाहीत. कुंडी घेऊन गेलेसुद्धा. पण परत कधी आले नाहीत. खरं झाड मी फेकून दिलं होतं, नाहीतर त्यातलं एखादं चांगलं पान जगवता आलं असतं. हे मला नंतर सुचलं. माझं सगळं शहाणपण नंतरचंच आहे.

तर आता हौसाबाईंची हकिकत. याच वर्षीची आहे, ताजी.

जानेवारीत सायली नावाची एक मुलगी, सहा महिन्यांची गरोदर, एक लालभडक गुलाबडी घेऊन गेली. बँकेत नोकरी, बोलायला मोजकी. पुढच्या महिन्यात तिची सासू आली. या हौसाबाई. मूळच्या कोरेगावकडच्या, नवरा मार्केटात माथाडी होता, आता घरीच असतो. नऊवारीतून पाचवारीत आलेल्या, पण चाल अजून नऊवारीची. सून बाळंतपणाला वाईला माहेरी निघाली होती आणि जाताना झाड यांच्या हवाली केलं होतं. "लगीन होऊन चार वर्सं झाली, पयल्यांदा काय तरी माझ्या हाती दिलंय तिनं," असं म्हणाल्या. कसं सांभाळू ते सांगा.

माझ्यासमोर गर्दी. मी वर पाटीकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, सुनेसारखं वागवा म्हणजे झालं. त्या पाटीकडे बघून हसल्या नाहीत. मान डोलावली आणि गेल्या.

जुलैत आल्या आणि त्यांनी पिशवीतून कुंडी काढली. झाड बघून मला ओळखूच येईना. वीतभर लांब, मान काढून उभं, फिक्कट हिरवं, पानं फुगून आरपार. लाल रंगाचा मागमूस नाही.

मी विचारलं, काय केलंत हो? त्यांनी सगळं सांगितलं. रोज सकाळी स्वत:च्या चहाआधी त्याला पाणी. तांदळाचं धुवण, ताकाचं पाणी. दुधाची पिशवी विसळली की तेही. ऊन लागू नये म्हणून खिडकीत पडदा. दुपारी कूलरसमोर.

मी म्हटलं, अहो, मी तर सुनेसारखं वागवा म्हटलं होतं ना?

"मग? तसंच तर वागवलं," हौसाबाई म्हणाल्या. "पोटुशी सून कुनी उन्हात हुबी करतं व्हय?"

मी वर पाटीकडे बघितलं. मग मनीषाकडे बघितलं. ती पावती लिहीत होती, मान वर केली नाही.

खरं दुखणं पुढंच होतं. सायली दर रविवारी फोनवर म्हणायची, आई, झाडाचा फोटो पाठवा. पहिल्यांदा रंग उतरलेला दिसला तेव्हा हौसाबाई घाबरल्या आणि फोनमध्ये जानेवारीचा जुना फोटो होता तो पाठवला. मग पुढच्या रविवारी तोच. चार महिने तोच. आता सायली गौरी-गणपतीच्या आधी बाळाला घेऊन यायची होती. नंतर तिची रजा संपणार, आणि बाळ पाळणाघरात ठेवायचं की आजीकडे, हे अजून तिनं सांगितलं नव्हतं. हौसाबाईंनी विचारलं नव्हतं. "एक झाड सांभाळाय जमलं न्हाई, वर खोटं बोलली. आसल्या बाईजवळ कोन ठेवंल बाळ?"

शेवटी मांडणीकडे बोट करून म्हणाल्या, ते लाल हाय ना, तसंच दिसतंय, त्येच बदलून द्या की.

होतं. अगदी तस्संच होतं. पाचगणीच्या गारव्यातून आठच दिवसांपूर्वी आलेलं, कडा लालबुंद. हात पुढं केला असता तर दोन मिनिटांचं काम. आणि माझा हात गेलाही होता, खोटं कशाला सांगू. पण मला मांजराचा दात आठवला. मी खाली बसले आणि हौसाबाईंना मुकादमचाचांची गोष्ट सांगितली. सुनेला नाही कळलं तर तुम्ही जन्मभर घाबरत राहाल, आणि कळलं तर, म्हटलं, मग बाळाचं विसरा.

त्या म्हणाल्या, मग ह्येच लाल करा. मी सांगितलं, पावसाळ्यात नाही होत. ऊन नाही, गारठा नाही. आणि आता एकदम उन्हात ठेवलं तर भाजेल. याची मान कापायची, वरचा झुपका चार दिवस सावलीत वाळवायचा, मग कोरड्या मातीत बसवायचा. खालची पानं मातीवर नुसती पसरायची. लाल व्हायला जानेवारी उजाडेल.

मान कापायची म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. मीच कापली. मनीषा पुढं होऊन त्यांचा हात धरून उभी राहिली. जाताना मी म्हटलं, येत्या रविवारी फोटो पाठवाल तो आजचा पाठवा. त्यांनी पिशवी उचलली.

पुढं महिनाभर काही कळलं नाही. मला रोज वाटायचं, फोन करावा. करत नव्हते, कारण चूक अर्धी माझी होती. अर्धी म्हणते, हा माझा मोठेपणा बघा.

गणपती तोंडावर आले होते. पाऊस उघडलेल्या एका सकाळी सायली आली. खांद्यावर बाळ, मागं हौसाबाई, हातात कुंडी. कुंडीत मुठीएवढा हिरवा झुपका, नीट मूळ धरलेला, आणि बाजूला पसरलेल्या पानांच्या बुडाशी साबुदाण्याएवढी पिल्लं. मी म्हटलं, अगं, हिचंही बाळंतपण उरकलं की. कुणी हसलं नाही. माझ्या बाबतीत असं फार क्वचित होतं.

सायली म्हणाली, "आजी, मला दुसऱ्याच रविवारी कळलं होतं. आईंनी पाठवलेल्या फोटोत मागं बाल्कनीत मीच कपडे वाळत घालत होते."

हौसाबाईंनी पदर तोंडाला लावला. हे त्यांनाही त्या घडीलाच कळत होतं, असं दिसलं.

"मग बोलली का न्हाईस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. आणि सांगितलंत ना. जुलैत, मान कापल्यावर." मग सायली माझ्याकडे वळली. "तुम्ही आईंना नेमकं काय सांगितलं होतं?"

पळायला जागा नव्हती. मी वर पाटीकडे बोट केलं. तिनं वाचलं. कुंडीकडे बघितलं. परत पाटी वाचली. तिच्या चेहऱ्याचा रंग बदलला तो मी अगदी जवळून बघितला, आणि तो कशानं बदलला हे सांगायला मला शितोळेमामांची गरज नव्हती.

"आईंनी मग बरोबरच वागवलंय," एवढंच ती म्हणाली. आणि बाळ सासूच्या हातात दिलं. पाणी प्यायचं होतं म्हणून दिलं, पण पाणी पिऊन झाल्यावर परत घेतलं नाही. कुंडीला नवी माती निवडता निवडता सहज म्हणाली, की पाळणाघरात नाव घातलं होतं, ते काल काढलं. हौसाबाई बाळाची टोपी सारखी करत राहिल्या. नीटच होती ती टोपी.

निघताना मी धंद्याला जागून सांगितलं, डिसेंबरात पाणी कमी करा, हळूहळू उन्हात आणा, संक्रांतीपर्यंत लालबुंद होईल.

सायली म्हणाली, "नको आजी. हिरवंच राहू दे. लाल झालं तर बिल्डिंगमधले म्हणतील, सासूनं हाल केले."

त्या गेल्यावर मी स्टूल ओढलं आणि पाटी काढायला चढले. गुडघ्यांनी नकार दिला, तेव्हा मनीषाला हाक मारली. तिनं एका हातानं मला खाली उतरवलं, दुसऱ्या हातानं पाटी काढली. खिळ्याच्या भोवती पत्र्याचा पिवळा रंग कधीच उडाला होता, पण अक्षरं चांगली ठसठशीत होती. लाल. मी म्हटलं, मनीषा, तू बारा वर्षं हिच्याखाली बसतेयस, कधी बोलली नाहीस.

तिनं फडक्यानं पाटीवरची धूळ पुसली आणि म्हणाली, "आई, मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं, तुम्ही ही मी यायच्या आत काढायची विसरलात. म्हटलं, आठवेल."

शहाणपण नंतरचं, हे वर लिहिलंच आहे. मी विचारलं, आता इथं काय लिहायचं?

"'रंग जाणार. परत आणू नका,'" मनीषा म्हणाली, आणि कोपऱ्यातला पेंटचा डबा माझ्यापुढं ठेवून स्वत: माझ्या खुर्चीत जाऊन बसली. उन्हं माझ्यावर येत होती. मी ब्रश घेतला आणि लिहायला लागले.